लोबोला, लग्न आणि चर्च : वसाहतकाळातील आफ्रिकेत विवाह कोणाच्या कायद्याने झाला?

धागाकर्ता : दीर्घवाचक

आफ्रिकेच्या इतिहासाविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते त्यात देजाचा, म्हणजे वधूमूल्याचा, विषय दोन ओळींत निकालात काढलेला असतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहीत आहे. झुलू, खोसा आणि न्देबेले समाजांत लग्न ठरले की मुलाच्या घरून मुलीच्या घरी गुरे जात. या गुरांना आणि ती देण्याच्या साऱ्या व्यवहाराला लोबोला म्हणतात. सोथो लोकांत त्यालाच बोहादी, त्स्वाना लोकांत बोगादी म्हणतात आणि शोना लोकांत रोरा. एकोणिसाव्या शतकात तिथे पोहोचलेल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी यात बायकांची खरेदी पाहिली आणि ख्रिस्ती होणाऱ्याने ती सोडलीच पाहिजे असा आग्रह धरला. नाताल या दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतीत अमेरिकन मिशनने १८७९ मध्ये उमझुंबे येथे केलेल्या नियमांत बहुपत्नीत्व आणि मद्यपान यांच्याबरोबर लोबोलाही चर्चच्या सभासदांना निषिद्ध ठरवला. लेसोथोत १८३३ पासून काम करणाऱ्या पॅरिसच्या मिशनचीही बोहादीबाबत हीच भूमिका होती.

ही गुरे काय काम करीत होती ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. मुलीच्या लग्नात आलेली गुरे बहुधा तिच्या पाठच्या किंवा पुढच्या भावाच्या लग्नात जात, म्हणजे बहिणीच्या लग्नावर भावाचे लग्न अवलंबून असे आणि म्हणूनच भावाच्या घरी तिचा शब्द चाले. मुले कोणत्या कुळाची हे गुरांवरून ठरे. सोथो भाषेत तर मूल गुरांचे असते अशी म्हणच आहे. गुरे दिली नसतील तर मुले आईच्या माहेरची राहत. नवऱ्याने बायकोचा अतोनात छळ केला आणि ती माहेरी परतली, तर त्याला बायको आणि गुरे दोन्ही गमवावी लागण्याचा धोका असे. उलट ती विनाकारण निघून आली तर गुरे परत करण्याची जबाबदारी माहेरावर पडे, त्यामुळे माहेरची माणसे संसार टिकवण्यासाठी मध्ये पडत. मृत नवऱ्याच्या भावाने विधवेशी घरोबा करण्याची उकुंगेना ही प्रथाही याच हिशेबातून आलेली होती, कारण गुरे एका माणसाने दिलेली नसत, एका घराने दिलेली असत. या व्यवस्थेत पुरुषांचे आणि त्यातही वडीलधाऱ्यांचे वर्चस्व होते यात शंका नाही, परंतु बाजारात जनावर विकत घेण्याशी तिचे साम्य वरवरचे होते.

सरकारची वाट मिशनऱ्यांहून निराळी होती. नातालमध्ये १८४५ पासून तीस वर्षे आफ्रिकी लोकांचा कारभार पाहणारा थिओफिलस शेपस्टोन हा अधिकारी लोबोला बंद करायला निघाला नाही. ज्या वडीलधाऱ्यांच्या हातून त्याला राज्य चालवायचे होते, त्यांची सत्ता या गुरांवरच उभी आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. १८६९ च्या विवाहविषयक कायद्याने त्याने लोबोलाला मर्यादा घातली : सामान्य माणसाच्या मुलीसाठी दहा गुरे, वंशपरंपरागत प्रमुखाच्या मुलीला मात्र मर्यादा नाही. लग्नाच्या वेळी सरकारी साक्षीदार हजर राहून नवरीला सर्वांसमक्ष तिची संमती विचारील असेही ठरले, आणि शिवाय प्रत्येक लग्नावर पाच पौंडांची फी बसली. या फीविरुद्ध एवढा असंतोष झाला की १८७५ मध्ये ती रद्द करावी लागली. ती रद्द करताना झोपडी कर मात्र सात शिलिंगांवरून चौदा शिलिंग केला गेला, आणि प्रत्येक बायकोची झोपडी वेगळी असल्यामुळे तो कर बायकांच्या संख्येवर आपोआप बसत होता. लोबोला अनैतिक आहे असे चर्चमध्ये सांगितले जात असतानाच त्याच लग्नांच्या आधारे तिजोरीत पैसा येत होता.

या कायद्याचा परिणाम फार दूरवर गेला. पूर्वी गुरांची संख्या घराघरांतील बोलणीने, दुष्काळ-सुकाळ पाहून, कधी पिढ्या लावून ठरे आणि फिटे. सरकारने आकडा लिहून ठेवल्यावर कमाल मर्यादाच रूढ दर होऊन बसली. आजही झुलू घरांत दहा आणि आईच्या मानाची एक अशी अकरा गुरे मोजली जातात आणि हीच आपली अनादी परंपरा असे सांगितले जाते. वसाहतीच्या दप्तराने गोठवलेली रीत पुढे मूळ रीत म्हणून ओळखली गेली, हे मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी चर्चिले गेलेले सत्य वाटते.

आता मिशनच्या बाजूचे एक प्रकरण पाहू. त्स्वानांपैकी क्वेना लोकांचा राजा सेचेले याला डेव्हिड लिव्हिंगस्टनने १ ऑक्टोबर १८४८ रोजी बाप्तिस्मा दिला. त्यासाठी सेचेलेने पाचपैकी चार बायका माहेरी परत पाठवल्या. या बायका म्हणजे त्याला गादी परत मिळवून देण्यास मदत करणाऱ्या प्रमुखांच्या मुली होत्या, म्हणजे प्रत्येक पाठवणीबरोबर एकेक राजकीय सोयरीक तुटत होती. खुद्द लिव्हिंगस्टनलाही त्यांच्याविषयी वाईट वाटले होते, कारण त्यांतल्या काहीजणी त्याच्या शाळेत शिकत होत्या. त्यांचा कोणताही अपराध नव्हता. नवऱ्याच्या श्रद्धेची किंमत त्यांना द्यावी लागली. पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी एक सेचेलेपासून गरोदर असल्याचे उघड झाले आणि लिव्हिंगस्टनने त्याला प्रभुभोजनातून वगळले. सेचेलेने मात्र धर्म सोडला नाही. १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो स्वतःच आपल्या लोकांना बायबल शिकवीत राहिला. जगभर गाजलेल्या या मिशनऱ्याच्या खात्यावर धर्मांतरित म्हणून हा एकच माणूस सांगितला जातो. परत पाठवलेल्या स्त्रियांविषयी मात्र नोंदी तिथेच थांबतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रथा मोडणे हे मिशनलाही साधले नाही आणि तिला जशीच्या तशी राखणे सरकारलाही साधले नाही. एका बाजूला लिहिलेला रिवाजी कायदा आणि दुसऱ्या बाजूला चर्चचा कायदा, अशा कचाट्यात सापडलेल्या स्त्रियांना दोन्हींचे भार मिळाले आणि संरक्षण मात्र कोणाचेच पुरते मिळाले नाही. प्रथा मोडणे साधले असा एक मोठा अपवाद म्हणजे त्स्वानांपैकीच न्ग्वाटो लोकांचा राजा खामा तिसरा. स्वतः ख्रिस्ती झालेल्या या राजाने आपल्या राज्यात बोगादी बंद केली आणि ती बंदी टिकली, कारण ती लोकांच्या स्वतःच्या राजाने घातलेली होती. जाणकारांनी आफ्रिकेच्या अन्य भागांविषयी भर घालावी, ही विनंती.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

लेख फार मोलाचा आहे. आपण दक्षिणेविषयी लिहिलेत, मी पूर्व आफ्रिकेतील एक खटला इथे मांडतो. तो आपल्या मुद्द्याला थेट भिडतो आणि त्याचा धागा हिंदुस्थानपर्यंत येतो.

आजच्या केनियात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व आफ्रिका संरक्षित प्रदेशात, ब्रिटिशांनी हिंदुस्थानातील अनेक कायदे जसेच्या तसे लागू केले होते. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा हा त्यांपैकी एक. चलन रुपयाच होते आणि झोपडी करही रुपयांतच भरला जाई. या पुरावा कायद्याच्या कलम १२२ नुसार पती-पत्नींमधील खाजगी बोलणे न्यायालयात उघड करण्यास कोणाला भाग पाडता येत नसे. १९१७ मध्ये अम्केयो नावाच्या आरोपीविरुद्धच्या खटल्यात त्याच्याशी रिवाजाप्रमाणे लग्न झालेल्या स्त्रीची साक्ष घेण्यात आली होती. ती त्याची पत्नी असेल तर या कलमाचे संरक्षण लागू व्हायला हवे होते. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट हॅमिल्टन यांनी असा निर्णय दिला की या संबंधाला विवाह म्हणणेच चुकीचे आहे. मोबदला देऊन स्त्री मिळवली जाते, ती स्वतंत्र करार करणारी व्यक्ती नाही आणि पुरुषाला अनेक बायका करता येतात, म्हणून ही पत्नी नव्हे. संरक्षण नाकारले गेले.

या निर्णयाचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. त्याच सरकारची स्थानिक न्यायालये देजाच्या गुरांचे दावे दररोज ऐकत होती, कोणाचे मूल आणि कोणाची बायको याचे निवाडे करीत होती. लग्न म्हणून जे त्या न्यायालयांत चालत होते, ते वरच्या न्यायालयात लग्न ठरत नव्हते. हजारो वर्षे लग्न मानून जगलेल्या समाजातील सगळ्या बायका एका निकालाने रखेलीच्या पातळीला आल्या, आणि हा निकाल पूर्व आफ्रिकेत पुढे कित्येक वर्षे आधार म्हणून सांगितला गेला.

मात्र ख्रिस्ती विवाहाने एका बाबतीत स्त्रीला खरोखर काही दिले, तेही नमूद करतो. केनियातील आफ्रिकी ख्रिस्ती विवाहांविषयीच्या १९३१ च्या कायद्यात असे स्पष्ट म्हटले होते की चर्चमध्ये लग्न झालेल्या स्त्रीला वैधव्यानंतर दिराशी किंवा नवऱ्याच्या अन्य नातेवाइकाशी घरोबा करण्याचे बंधन नाही आणि ती स्वतःची मुखत्यार मानली जाईल. ज्या विधवेला ते नको होते तिच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

प्रतिसाद : माळरान

धागाकर्त्यांच्या मांडणीबद्दल आदर राखून माझा मतभेद नोंदवते. भाऊ-बहिणींचे नाते, कुळांची सोयरीक, मुलांचे कूळ हे सगळे मान्य केले तरी जिच्या नावाने गुरे हलत होती तिला कोणी विचारले होते का, हा प्रश्न उरतोच. आपण म्हणता की छळ झाला तर तिला माहेर होते. पण माहेरच्या गोठ्यातील गुरे भावाच्या लग्नात खर्ची पडल्यावर त्या माहेराने तिला ठेवून घ्यायची तर गुरे परत कुठून करायची? अशा वेळी बाप आणि भाऊच तिला सासरी परत हाकलत. जी व्यवस्था तिचे संरक्षण करते असे आपण सांगता तीच तिचे परतीचे दार बंद करीत होती.

मुली पळून मिशनच्या आवारात येत होत्या हे तर इतिहासाने नोंदवलेलेच आहे. म्हाताऱ्या प्रमुखाची पाचवी-सहावी बायको होण्यापेक्षा मिशनच्या शेतात राबणे आणि अक्षरे गिरवणे त्यांना बरे वाटले. १८६९ मध्ये, म्हणजे शेपस्टोनचा कायदा आला त्याच वर्षी, डर्बनजवळ इनांडा येथे आफ्रिकी मुलींसाठी अमेरिकन मिशनने निवासी शाळा काढली, आणि नको असलेल्या लग्नापासून पळालेल्या मुलींना तिथे आसरा मिळाला. त्या मुलींच्या दृष्टीने मिशनरी हा परका हस्तक्षेप करणारा नव्हता. वसाहतवादाची चिकित्सा करताना या मुलींचे शहाणपण आपण झाकून टाकू नये असे मला कळकळीने वाटते.

प्रतिसाद : दीर्घवाचक (धागाकर्ता)

माळरान ताई, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्या मुलींनी मिशनचा वापर स्वतःच्या सुटकेसाठी केला, हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मी त्यात पुढची कडी जोडतो, कारण सरकारने त्या मुलींचे पुढे काय केले हे पाहिल्यावर चित्र अधिक गडद होते.

दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९०१ च्या विवाह कायद्याने मुलीच्या संमतीशिवाय लग्न लावण्यास मनाई केली आणि लग्नाची नोंदणी सक्तीची केली. लहानपणीच वाग्दान झालेल्या अनेक मुलींनी या कायद्याचा आधार घेतला. त्या मिशनमध्ये गेल्या, खाणींच्या वस्त्यांत गेल्या, अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहून नको म्हणाल्या. सुरुवातीला अधिकाऱ्यांनी त्यांची बाजू घेतलीही. मग बाप आणि प्रमुख यांच्या तक्रारी वाढल्या, कुटुंबे मोडत आहेत, बायका हाताबाहेर जात आहेत अशी ओरड सुरू झाली, आणि कर गोळा करायला व खाणींसाठी मजूर मिळवायला ज्यांची गरज होती त्या वडीलधाऱ्यांना दुखवणे सरकारला परवडेना. १९१६ मध्ये आफ्रिकी विवाहितेशी व्यभिचार हा फौजदारी गुन्हा ठरवणारा कायदा आला. गोऱ्यांसाठी असा गुन्हा नव्हता. म्हणजे सरकारने दार उघडले, बायका त्यातून बाहेर पडू लागल्या आणि ते पाहून सरकारने बापांच्या बाजूने ते पुन्हा लोटून घेतले.

गुरे परत करण्याच्या नियमाबाबतही आपण म्हणता ते खरे आहे. मात्र मुले झाली असतील तर परत करायच्या गुरांची संख्या कमी होत जाई, आणि बोलणी करून मार्ग निघत असे. हा लवचीकपणा लेखी संहितेत आणि दंडाधिकाऱ्याच्या निवाड्यात आटत गेला, हा माझ्या मते खरा घाव होता.

प्रतिसाद : गलबत

पश्चिम किनाऱ्यावर परिस्थिती थोडी वेगळी होती, तिचीही नोंद व्हावी.

लागोसमध्ये १८८४ च्या विवाह कायद्यानुसार लग्न केले की एकपत्नीत्व बंधनकारक होई आणि वारसाही इंग्रजी धर्तीवर पत्नी व तिच्या मुलांकडे जाई. सिएरा लिओनहून परतलेल्या, इंग्रजी शिकलेल्या योरुबा घराण्यांतील मुलींना हे लग्न फार प्रतिष्ठेचे वाटले. आईबापांनीही मोठ्या हौसेने चर्चमध्ये, पांढऱ्या पोशाखात लग्ने लावली. परंतु त्यांच्या नवऱ्यांनी बाहेर घरे केलीच, आणि व्यापारात स्वतःचा पैसा मिळवणारी योरुबा स्त्री जितकी स्वतंत्र होती तितकी ही सुशिक्षित पत्नी राहिली नाही, कारण घरंदाज ख्रिस्ती बाईने बाजारात बसायचे नसते असे तिला शिकवले गेले होते. काही दशकांत या घरांतील मुलींनाच त्या आदर्शाविषयी शंका वाटू लागली.

याच लागोसमध्ये १८९१ साली युनायटेड नेटिव्ह आफ्रिकन चर्च स्थापन झाले आणि त्याने बहुपत्नीक पुरुषांना सभासद म्हणून स्वीकारले. १९१७ मध्ये मेथडिस्टांनी बहुपत्नीत्वाबद्दल काढून टाकलेल्या मंडळींनी आपले स्वतंत्र चर्च काढले. झुलूंमध्ये इसाया शेंबे यांनी १९१० च्या सुमारास उभारलेल्या नाझरेथ बाप्टिस्ट चर्चमध्येही बहुपत्नीत्वाला जागा होती. ही माणसे ख्रिस्तापासून दूर गेली असे त्यांना स्वतःला कधीच वाटले नाही. याकोबाने राहेल आणि लेआ यांच्यासाठी लाबानाकडे चौदा वर्षे चाकरी केली हे बायबलमध्येच आहे. बायबल आपापल्या भाषेत उतरताच आफ्रिकी वाचकाने ते वाचले आणि देज देणारे, अनेक बायका असलेले कुलपिते त्याला तिथे भेटले. मिशनऱ्यांकडे याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

आजच्या घानातील आशांती प्रदेशात १९२९ ते १९३२ या काळात घडलेला प्रकार तर अधिकच बोलका आहे. कोकोच्या पिकाने बायकांच्या हाती पैसा येऊ लागला होता, आणि नवऱ्याच्या बागेत राबूनही त्या बागेवर हक्क मिळत नाही हे पाहून अनेकजणी लग्नावाचून राहत होत्या. तेव्हा अनेक गावांच्या प्रमुखांनी अविवाहित स्त्रियांना सरसकट पकडून कोंडून ठेवण्याचे हुकूम काढले. जिने एखाद्या पुरुषाचे नाव सांगितले आणि त्याने दंड भरून लग्नाची तयारी दाखवली, तिची सुटका होई. हे रिवाजाच्या नावाने झाले, पण असा रिवाज पूर्वी नव्हता. वसाहतीच्या अप्रत्यक्ष कारभाराने प्रमुखांना दिलेल्या अधिकारातून तो जन्मला.

प्रतिसाद : अबोली

सर्व प्रतिसाद वाचले. अम्केयो खटल्यावरून एक गोष्ट तीव्रतेने आठवली. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी हिंदुस्थानातील बाई मरियम यांच्या प्रकरणात असा निकाल दिला की ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे त्या धर्माप्रमाणे झालेले लग्न दक्षिण आफ्रिकेत कायदेशीर विवाह मानता येणार नाही. हिंदू, मुसलमान आणि पारशी अशा सगळ्यांच्या लग्नांवर त्यामुळे प्रश्नचिन्ह लागले. कस्तुरबा त्या वर्षी सत्याग्रहात उतरल्या आणि सप्टेंबरात तुरुंगात गेल्या त्यामागे हे मोठे कारण होते. १९१४ च्या कायद्याने भारतीयांच्या एकपत्नीक विवाहांना मान्यता मिळाली.

या लढ्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच भूमीवरील आफ्रिकी स्त्रियांच्या रिवाजी विवाहांना पूर्ण कायदेशीर मान्यता मिळायला १९९८ चा कायदा यावा लागला, आणि तो नोव्हेंबर २००० मध्ये अमलात आला. जे तत्त्व आपल्याविरुद्ध वापरले गेले तेव्हा आपण पेटून उठलो, ते तत्त्व आफ्रिकी घरांवर त्याआधीपासून लागू होते आणि पुढेही ऐंशीहून अधिक वर्षे राहिले. शाळेत हा इतिहास शिकवताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, असे एक शिक्षिका म्हणून मला वाटते.

प्रतिसाद : नांगरट

आतापर्यंतच्या चर्चेत गुरे कुठेही हटली नाहीत, पण वस्तुस्थितीत ती हटली होती. १८९६ मध्ये झांबेझी नदी ओलांडून बुळकांडीची साथ दक्षिणेत शिरली आणि दोन वर्षांत बहुतांश भागांतील गुरांपैकी फार मोठा हिस्सा मेला. काही ठिकाणी दहांपैकी नऊ जनावरे गेली. गोठेच रिकामे झाल्यावर लोबोला कशाने द्यायचा? मग वायदे झाले, शेळ्या-मेंढ्या आल्या आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोख पैसा आला. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणी आणि १८८६ नंतरच्या जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी तरुणांना मजुरी देतच होत्या. पूर्वी लग्नासाठी मुलगा बापाच्या गोठ्यावर अवलंबून असे, आता तो खाणीत वर्ष-दोन वर्षे राबून स्वतः लोबोला जमवू लागला.

गाय आणि नाणे यांत फरक आहे, आणि शेतकरी घरात वाढलेल्या माणसाला तो चटकन कळतो. बहिणीच्या लग्नात आलेली गाय गोठ्यात सगळ्यांना दिसते, तिला वासरू होते, ती कोणत्या मुलाच्या लग्नासाठी राखली आहे हे घर जाणते. बापाच्या हाती आलेले पौंड कोणाला दिसत नाहीत. ते करात जातात, मक्यात जातात, दारूत जातात. त्यामुळे पैशाच्या रूपात आलेल्या लोबोलाने भाऊ-बहिणीचा तो बांध सैल केला आणि मिशनरी ज्याला खरेदी म्हणत होते त्याच्या जवळ तो व्यवहार नेऊन ठेवला. करासाठी पैसा मागणारे सरकार आणि मजूर मागणाऱ्या खाणी यांचा यातील वाटा धर्मोपदेशापेक्षा मोठा आहे असे माझे मत आहे. पुढे मुलींच्या शिक्षणाचा खर्चही बाप लोबोलात धरू लागले, म्हणजे मिशनच्या शाळेनेच रक्कम वाढवली.

रक्कम वाढली तशा मर्यादाही आल्या. दक्षिण ऱ्होडेशियात १९५० च्या कायद्याने वीस पौंड, नायजेरियाच्या पूर्व विभागात १९५६ च्या कायद्याने तीस पौंड. फ्रेंच वसाहतींत १९३९ च्या हुकुमाने नवरा-नवरीची संमती आवश्यक केली आणि १९५१ च्या हुकुमाने देजावर नियंत्रणाचा प्रयत्न केला. कागदावर मर्यादेइतकीच रक्कम लिहायची आणि उरलेली वेगळी द्यायची, हे सगळीकडे सर्रास झाले.

प्रतिसाद : माळरान

नांगरट यांचा प्रतिसाद पटला. बहुपत्नीक माणसाच्या बाप्तिस्म्याबाबत चर्चची अधिकृत भूमिका पुढे बदलली का, आणि गुरे परत करण्याच्या नियमाचे आज काय आहे, हे धागाकर्त्यांनी सांगितल्यास बरे होईल.

प्रतिसाद : दीर्घवाचक (धागाकर्ता)

पहिल्या प्रश्नाबाबत. नातालचे पहिले अँग्लिकन बिशप जॉन कोलेन्सो यांनी १८५५ मध्येच असे मांडले होते की रीतसर लग्न झालेल्या निर्दोष बायकांना टाकून द्यायला लावणे हे घटस्फोट लादणे आहे आणि येशूने ज्याची मनाई केली तेच आपण धर्माच्या नावाने करायला लावत आहोत. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १८८८ मध्ये लॅम्बेथ येथे भरलेल्या अँग्लिकन बिशपांच्या परिषदेत बहुपत्नीक पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये असा ठराव ८३ विरुद्ध २१ मतांनी झाला. त्याच्या बायकांना काही परिस्थितीत बाप्तिस्मा देता येईल, हा भाग ५४ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाला, म्हणजे तिथे बिशपांमध्येच बरीच फूट होती. एकच विवाह, पण पुरुषाच्या बाजूने पाप आणि स्त्रीच्या बाजूने क्षम्य, अशी ही तडजोड होती. कॅथलिकांकडे सोळाव्या शतकापासून पोपचे आदेश होते. १५३७ च्या आदेशानुसार पहिली बायको आठवत नसेल तर कोणतीही एक ठेवता येई. १५७१ च्या आदेशाने बरोबर बाप्तिस्मा घेणारी बायको ठेवण्याची मुभा दिली. बाकीच्यांनी जायचे हे दोन्हींत समान. अखेर १९८८ च्या लॅम्बेथ परिषदेने असे ठरवले की बहुपत्नीक माणसाला त्याच्या बायका-मुलांसह बाप्तिस्मा देता येईल. त्याने पुन्हा लग्न न करण्याचे वचन द्यायचे, स्थानिक मंडळीची त्याला संमती हवी, आणि कोणत्याही बायकोला टाकण्याची सक्ती त्याच्यावर करायची नाही, कारण त्यामुळे त्या स्त्रीला सामाजिक हाल सोसावे लागतील. कोलेन्सो यांनी हेच १३३ वर्षे आधी सांगितले होते.

लोबोलाच्या बाबतीत चर्चला सभासदांपुढे त्याहून बरेच आधी नमते घ्यावे लागले. लोकांनी दोन्ही केले : आधी घरच्यांची बोलणी आणि गुरे, मग चर्चमध्ये अंगठी. ज्या जोडप्याचे केवळ चर्चमध्ये लग्न झाले त्याला सासर-माहेरची माणसे पुरते लग्न मानत नसत. विशेष म्हणजे १९२७ च्या दक्षिण आफ्रिकेतील कायद्यात असे कलमच घातले गेले की लोबोला किंवा बोगादी ही प्रथा नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे असे कोणत्याही न्यायालयाला म्हणता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी जिला पाप म्हणून हिणवले जात होते, तिला आता वंशभेदी सरकार कायद्याचे कवच देत होते, कारण आफ्रिकी माणसाला वडीलधाऱ्यांच्या आणि प्रमुखांच्या अमलाखाली, शहरापासून दूर ठेवणे हेच त्याचे धोरण झाले होते.

गुरे परत करण्याच्या नियमावर माळरान ताईंनी जो आक्षेप घेतला, तोच युगांडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मिफुमी या स्त्री संघटनेने नेला. २०१० मध्ये घटना न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली होती. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देज देणे हे घटनेविरुद्ध ठरवले नाही, मात्र लग्न मोडताना ते परत मागण्याची प्रथा घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाच्या मते परतफेडीची ही अट स्त्रीला नको असलेल्या संसारात अडकवून ठेवते आणि तिच्या प्रतिष्ठेला बाधा आणते. म्हणजे गुरे देण्याची चाल राहिली आणि बाईच्या वाटेतील ती अट त्या देशात कायद्याने काढून टाकली गेली.